गॅसच्या खोलीतली चौथी

घरी तिला थोरली म्हणत आणि कामावर आकडेबाई. दोन्ही नावं तिने मागून घेतलेली नव्हती, पण अंगाला बसली होती. थोरली, कारण दोन सुनांतली ती मोठी. आकडेबाई, कारण एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात, बिनखिडकीच्या खोलीत बसून ती कुठल्या वॉर्डात किती आले, किती बरे होऊन गेले आणि किती नुसतेच गेले याची गणितं मांडत असे. माणसं तिच्याकडे आकडे होऊनच येत. त्यामुळे तिला झोप चांगली लागायची, असं ती स्वतःच हसत सांगायची.

धाकटी जाऊ त्याच रुग्णालयात वरच्या मजल्यावर होती. तिला तिथे चिकटवलं होतं थोरलीनेच. शस्त्रक्रियेची औजारं जिथे जंतुमुक्त करतात त्या विभागात तीन खोल्या होत्या. एकीत औजारं धुवायची, दुसरीत ती कापडात बांधायची आणि तिसरीत गॅसचं यंत्र. ज्या नळ्या आणि वस्तू वाफेत वितळतील त्या या यंत्रात घालत. कामं सगळी बायकाच करायच्या. धाकटी गॅसच्या खोलीत होती.

त्या खोलीतल्या तिघींचे गर्भ पाठोपाठ गेले तेव्हा जिन्यात कुजबूज सुरू झाली. कुजबुजीचा अर्ज झाला आणि रुग्णालयाच्या समितीने ठरवलं की तिन्ही खोल्यांची पाहणी करायची. नाव लिहायचं नाही, फक्त खुणा करायच्या. या कामावर असताना शेवटचं गरोदरपण आलं ते पूर्ण झालं की मध्येच गेलं, एवढाच मुख्य प्रश्न. काम आकडेबाईकडे आलं. आपली जाऊ तिथे आहे हे तिने उपअधीक्षकांना पहिल्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले की नावंच नाहीत तर जाऊ काय आणि नणंद काय. माणूस वाईट नव्हता. दमलेला होता. ते यंत्र एक दिवस बंद राहिलं तर किती शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागतात हे त्यांना तोंडपाठ होतं आणि त्याच हिशेबाने ते झोपत किंवा झोपत नसत.

कागद आले, मोजणी झाली. गरोदरपण आलेल्या बायका सगळ्या मिळून तेहतीस. गॅसच्या खोलीत आठ, उरलेल्या दोन खोल्यांत पंचवीस. गर्भ गेले सात जणींचे. त्यातल्या गॅसच्या खोलीत चार आणि बाकी पंचवीस जणींत तीन.

आठात चार आणि पंचविसात तीन. शाळेतल्या पोराला दाखवलं तरी ते म्हणेल की तिथे काहीतरी आहे. पण थोरलीच्या धंद्यात 'दिसतंय की' चालत नाही. इतका फरक निव्वळ योगायोगाने पडायची शक्यता किती, हे काढावं लागतं. ती शंभरात पाचापेक्षा कमी असली तर समिती कान टवकारते, जास्त असली तर चहा मागवते.

हाताशी नेहमीची काय-स्क्वेअर कसोटी होती. तिने ती लावली, उत्तर आलं शंभरात दोन. पण ही कसोटी मोठ्या आकड्यांची लाडकी. प्रत्येक चौकटीत निदान पाचाची अपेक्षा तरी असावी लागते, नाहीतर ती वाटेल ते बोलते. म्हणून लहान आकड्यांसाठी तिची जी सुधारलेली तऱ्हा आहे ती लावली, तर उत्तर आलं शंभरात सात. मग फिशरची अचूक कसोटी लावली. ही कसलाही अंदाज बांधत नाही, जेवढ्या म्हणून वाटण्या शक्य आहेत तेवढ्या सगळ्या मोजते. तिचं उत्तर आलं शंभरात चार.

दोन, सात, चार. बायका त्याच, दुःखं तीच, आणि तीन कसोट्या तीन तोंडांनी बोलत होत्या. थोरली खुर्चीत मागे रेलली. चूक तिचीच होती. कुठली कसोटी वापरणार हे मोजणीच्या आधी ठरवायला हवं होतं. आता उत्तरं डोळ्यांपुढे नाचत असताना जी निवडेल ती सोयीची म्हणून निवडली, असं कुणीही म्हणू शकलं असतं. दुसऱ्या कुणाचं सोडा, तिला स्वतःलाच ते वाटू लागलं. जाऊ त्या खोलीत आहे म्हणून आपल्याला चार हवेत का? की नोकरी या इमारतीत आहे म्हणून सात बरे वाटतायत?

तिने तिच्या जुन्या मास्तरांना फोन लावला. मास्तर निवृत्त झाले होते आणि कानांनी त्यांच्याही आधी निवृत्ती घेतली होती. खोलीत फोनला आवाज मिळत नसे, म्हणून ती जिन्यात उभी राहून ओरडत होती. मधले आकडे तिने मुद्दाम सांगितले नाहीत, फक्त कडेच्या बेरजा सांगितल्या. एकूण तेहतीस, एका गटात आठ, घटना सात. कसोटी कुठली लावायची हे ठरवायला तेवढंच पुरतं, आत काय दडलंय ते कळावं लागत नाही.

"सात अठ्ठे छप्पन्न, भागिले तेहतीस," मास्तर पलीकडून म्हणाले. "दोनसुद्धा होत नाहीत. मग अचूक कसोटीच. हे विचारायला फोन केलास? हे तुला दुसऱ्या वर्षी येत होतं."

ती म्हणाली की येत होतं, पण आता आतले आकडे पाहिलेत.

मास्तर मग म्हणाले, "बरं केलंस मला विचारलंस. पण एक सांगतो. कसोटी निवडून सुटका होत नाही, पोरी. तिथून तर सुरुवात होते."

ते तेव्हा तिला म्हातारपणाचं बोलणं वाटलं.

एक गोष्ट मात्र तिच्या मनात कुसळासारखी रुतून बसली होती. जिन्यात चर्चा होती ती तिघींची. कागदावर चार होत्या. चौथी कोण? हा विचार आला तसा तिने दाबला. तो करणं तिच्या कामात बसत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी तो विचार आपल्या पायांनी चालत तिच्याकडे आला. सुट्टीचा दिवस होता, थोरली गच्चीवर चादरी वाळत घालत होती आणि धाकटी चिमट्यांची टोपली घेऊन उभी होती. धाकटी एरवी बडबडी. बोलायला लागली की समोरच्याला हुंकार द्यायलाही फट ठेवायची नाही. आज ती गप्प होती. चादरीच्या पलीकडे, म्हणजे तोंड दिसणार नाही अशी उभी राहून ती म्हणाली, "ताई, त्या तुमच्या पाहणीत माझा कागद आहे ना, तो काढून टाका."

थोरलीने विचारलं की का.

"कारण चौथी मी आहे."

मग तिने सांगितलं. दोन वर्षं होत आली होती. नववा आठवडा होता. अजून नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, पक्कं झाल्यावर सांगू म्हणून. कामावरच सगळं झालं, मधल्या सुट्टीत, बायकांच्या मुतारीत. ती तोंड धुऊन परत गेली आणि कामाची उरलेली पाळी पुरी केली, कारण यंत्र भरलेलं होतं आणि जोडीला दुसरी कुणी नव्हती. घरी येऊन पोट दुखतंय एवढंच म्हणाली.

"मला वाटलं सकाळी बस पकडायला धावले म्हणून झालं," ती म्हणाली. "मग कुणाला काय सांगणार? माझ्या धावण्याने गेलं म्हणून?"

त्यानंतर तिने पुन्हा दिवस राहू दिले नव्हते. नवऱ्याला आज हे, उद्या ते सांगून टोलवत होती. सासूबाई येता-जाता म्हणत, काहींची कूसच उशिरा उघडते हो, आणि ते ऐकून घेणं तिला खरं सांगण्यापेक्षा सोपं वाटत होतं. झाकली मूठ होती ती.

"मग पाहणीत का लिहिलंस?" थोरलीने विचारलं.

"कुणी विचारलंच नव्हतं आत्तापर्यंत," धाकटी म्हणाली. "त्या कागदाने विचारलं."

आता मात्र तिला पश्चात्ताप होत होता. खोलीत आठ जणी. तिघींचं सगळ्यांना ठाऊक. अहवालात चार आले की उरलेल्या बोटांवर मोजतील आणि पाचव्या मिनिटाला तिच्याकडे बघतील. त्यातली एक त्यांच्याच गल्लीत राहत होती आणि तिची आई सासूबाईंकडे ब्लाउज शिवायला टाकत होती. म्हणजे बातमीला पाय फुटायचीही गरज नव्हती, ती मापासकट घरी आली असती.

थोरली म्हणाली की काढते. पाहणीच्या पहिल्या पानावर तिनेच लिहिलं होतं की अहवाल जाईपर्यंत कुणीही आपल्या कागदावरचा क्रमांक सांगून माघार घेऊ शकेल. दिलेला शब्द होता तो.

सोमवारी तिने एक कागद बाजूला ठेवून पुन्हा मोजणी केली. आता गॅसच्या खोलीत सातात तीन. अचूक कसोटी लावली. उत्तर आलं शंभरात दहा.

ती बराच वेळ त्या दहाकडे बघत बसली. धाकटी असली तर चार, नसली तर दहा. सगळी पाहणी, त्या आठ बायकांचं सगळं गाऱ्हाणं एका बाईच्या बारीक खांद्यावर उभं होतं आणि ती बाई तिच्याच घरात, पलीकडच्या खोलीत झोपत होती. हे तिला सांगावं तर तिचा हात पिरगळल्यासारखं होणार. तू हटलीस तर बाकीच्यांचं वाटोळं, असं म्हणण्यासारखंच ते. न सांगावं तर ती काय सोडतेय हे तिला कळणारच नाही. थोरलीला हसूही आलं. आयुष्यभर इतरांना कात्रीत पकडणारे आकडे मांडले, आता दोन्ही पात्यांच्या मध्ये आपलीच मान.

त्यात उपअधीक्षकांनी बोलावलं. त्यांनी कच्चे आकडे पाहिले होते, चार असलेलेच. त्यांच्याकडे एक तोडगा होता आणि तो त्यांनी अगदी मायेने पुढे केला. आकडे फार छोटे आहेत, बाई, ते म्हणाले, इतक्या छोट्या आकड्यांत कोण कुठली ते ओळखू येतं. बायकांचीच अब्रू जायची. त्यापेक्षा तिन्ही खोल्या मिळून एकच औजार विभाग धरावा आणि शेजारच्या धुलाईघराशी त्याची तुलना करावी. धुलाईघरात चाळीस जणींत सहा गर्भ गेले होते. ते आकडे मोठे, चौकटी भरलेल्या, नेहमीची कसोटी बिनतक्रार चालेल. कुणाचं नाव नको, कुणाची शंका नको.

थोरलीने त्यांच्यासमोरच मांडून पाहिलं. सगळ्या चौकटींत पाचाच्या वर अपेक्षा. कसोटी अगदी नियमात बसली. आणि फरक काहीच नाही, योगायोगाची शक्यता शंभरात एकोणपन्नास.

"बघा," ते म्हणाले.

"साहेब, हे उत्तर बरोबर आहे," ती म्हणाली. "पण हा प्रश्न आपल्याला कुणी विचारला नव्हता."

ते चिडले नाहीत. चष्मा काढून डोळे चोळत म्हणाले की विचार करा, तुमच्याही घरचं माणूस आहे तिथे. चौथीबद्दल त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. पण बाण अंधारात सोडला तरी लागायचा तिथे लागलाच. कारण हा तोडगा सगळ्यांचं सगळं झाकत होता. धाकटीचं, रुग्णालयाचं, तिचं स्वतःचं. बाहेर पडताना थोरलीला कळलं की आपल्याला तो आवडलाय, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

त्या आठवड्यात तिचं घरात लक्ष नव्हतं. भाजीत मीठ दोनदा पडलं. नवऱ्याने विचारलं तर कामाचं आहे म्हणाली. त्याने, कामाचंच असतं तुझं, म्हणून विषय संपवला. धाकटी मात्र तिच्यावर पाळत ठेवून होती. एका संध्याकाळी सासूबाई शेजारी बसायला गेल्या तशी ती इस्त्रीच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, तुम्ही माझा कागद काढलात, तरी तुमचं तोंड असं का? तुम्ही काय मोजता ते मला समजेल असं सांगा.

सासूबाई शिवणकाम करायच्या, त्यामुळे घरात बटणांना तोटा नव्हता. थोरलीने डबा उघडला. सव्वीस पांढरी बटणं काढली, सात काळी, आणि सगळी एका पिशवीत घातली. म्हणाली, या तिन्ही खोल्यांतल्या तेहतीस जणी. काळी म्हणजे ज्यांचं गेलं त्या. समज, खोलीचा काही दोष नाही, गेलं ते ज्याच्या त्याच्या नशिबाने गेलं. तर मग गॅसच्या खोलीतल्या आठ जणी म्हणजे डोळे मिटून काढलेली आठ बटणं. काढ आणि बघ, काळी किती येतात.

धाकटीने डोळे मिटून मूठभर काढली. दोन काळी. परत टाकली, हलवली, काढली. एक. मग एकही नाही. मग दोन. तिला नाद लागला. इस्त्री गार झाली. एकदा तीन आली तेव्हा ती दचकली. खूप वेळाने एकदा चार आली.

"म्हणजे योगायोगानेही होतं," ती म्हणाली.

"होतं," थोरली म्हणाली. "क्वचित होतं. म्हणून मी असं म्हणू शकत नाही की खोलीनेच केलं. एवढंच म्हणेन की नुसत्या नशिबावर ढकलणं अवघड आहे."

"आणि माझं? बस पकडायला धावले त्याचं?"

"तुझ्या एकटीचं मला कधीच सांगता येणार नाही. आकडे एकटीबद्दल बोलत नाहीत." थोरलीने इस्त्री बाजूला सरकवली. "पण बससाठी तर बाकीच्या पंचवीसजणीही धावतच असतील ना."

धाकटी पिशवीकडे बघत राहिली. मग तिने स्वतःच पिशवीत हात घातला, एक काळं बटण शोधून काढलं आणि टेबलावर वेगळं ठेवलं. आता ती सात सात बटणं काढू लागली. थोरलीने तिचा हात धरला नाही. तीन काळी दहाबारा खेपांत आली. मग पुन्हा आली. त्यात विशेष काही राहिलं नाही.

"म्हणजे मी आहे म्हणून तो आकडा आहे," धाकटी म्हणाली.

थोरलीने मान हलवली.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर ठरवणारी मी झाले असते. नाव तुझं, निर्णय माझा."

धाकटीने बटणं डब्यात भरली. पांढरी वेगळी, काळी वेगळी, जशी सासूबाईंना लागत तशी. मग तिने उलट थोरलीलाच विचारलं की तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत. थोरलीला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं तिलाच माहीत नव्हतं. तिच्या पदरी एक मुलगी होती, नऊ महिने पुरे करून आलेली. ती जागा तिची नव्हतीच. तसं ती म्हणालीही. धाकटी उठून गेली.

दोन दिवसांनी, भर दुपारी, सासूबाई शिवणयंत्रावर पडदा शिवत होत्या. थोरली भाजी निवडत होती. धाकटी येऊन जमिनीवर बसली आणि कुठलीही प्रस्तावना न करता तिने सगळं सांगून टाकलं. सासूबाईंचा पाय यंत्राच्या पायडलवर थांबला. त्या बोलायला तिखट होत्या. त्या कामाला पहिल्यापासून त्यांचा विरोध होता, आणि आता 'मी म्हणत नव्हते?' असं म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क होता. थोरली तेच ऐकायची तयारी करून बसली.

"कितव्या आठवड्यात?" त्यांनी विचारलं.

"नवव्या."

"आणि काम पुरं करून घरी आलीस."

"हो."

सासूबाईंनी सुई वर उचलली, कापड सोडवलं, घडी केली. सगळं हळूहळू. मग म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुला भांडी घासायला लावली होती का?"

"आठवत नाही," धाकटी म्हणाली.

पण तिला आठवत होतं. थोरलीलाही आठवलं. त्या दिवशी पाहुणे होते.

त्यानंतर सासूबाईंनी कुशीचा विषय पुन्हा काढला नाही. धाकट्या मुलाला, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याला, कळलं तेव्हा मात्र ते पचलं नाही. गर्भ गेल्याचं नाही, आपल्याला सांगितलं नाही याचं. दोन वर्षं मी बायकोशेजारी झोपत होतो की भिंतीशेजारी, असं तो थोरल्या भावाला म्हणाला आणि अंथरूण घेऊन बाहेरच्या खोलीत झोपायला गेला. घरातली माणसं एकमेकांना चुकवत चालू लागली. न्हाणीघराच्या दारात कुणी समोर आलं की दोघंही मागे सरत.

धाकटी थोरलीला एवढंच म्हणाली, "आता चार लिहा. जे व्हायचं ते होऊन गेलंय."

थोरलीने चार लिहिले. अचूक कसोटी लावली आणि तीच का, ते स्पष्ट मांडलं. आपण आधी तिन्ही करून पाहिल्या होत्या हेही लिहिलं, उत्तरांसकट. त्या चारांतली एक जरी बाई कमी झाली तरी निकाल पलटतो, तेही लपवलं नाही. स्वतःच्याच अहवालाला स्वतःच भोक पाडून ठेवण्यासारखं होतं ते, पण त्याशिवाय तिला सही करवेना.

समितीची बैठक वरच्या मजल्यावरच्या मोठ्या टेबलाभोवती झाली. अध्यक्षांनी अहवाल वाचला आणि जिथे भोक होतं तिथेच बोट घातलं. एका बाईवर पलटणारा निकाल कसला, असं त्यांनी सौम्यपणे विचारलं. आठ म्हणजे काही संख्या झाली का? अजून दोनतीन वर्षं माहिती जमू द्या, आकडा मोठा होऊ द्या, मग पक्कं काय ते बोलू. माना डोलल्या.

थोरलीला अशा बैठकीत बोलायची सवय नव्हती. विचारलं तर उत्तर द्यायची. त्या दिवशी कुणी विचारलं नव्हतं.

"आकडा आपोआप मोठा होत नाही," ती म्हणाली. "तो मोठा व्हायचा तर आणखी बायका त्या खोलीत बसवाव्या लागतील आणि त्यांच्यातल्या किती जणींचं जातं ते बघत बसावं लागेल. समितीला तेवढं थांबायचं असेल तर तसं लिहून द्यावं."

 उपअधीक्षक खाली बघत होते. शेवटी अध्यक्ष म्हणाले की बाईंचा मुद्दा भावनिक असला तरी दुर्लक्ष करण्यासारखा नाही, आणि तिथल्या तिथे निर्णय झाला. एकाच बाईने सतत गॅसच्या खोलीत राहायचं नाही. यापुढे तिन्ही खोल्यांतल्या सगळ्या जणींनी पाळीपाळीने तिथे काम करायचं. ओझं सारखं वाटलं गेलं. सगळ्यांना तो निर्णय न्याय्य वाटला. काहींनी तिच्याकडे बघून हसून मानही डोलावली, जणू ती जिंकली होती.

तिच्या लक्षात यायला क्षणभर लागला. आठ जणींचा धोका आता सगळ्याजणींचा झाला होता. आणि पुढल्या पाहणीत खोल्याखोल्यांत फरक म्हणून काही उरणारच नव्हता. सगळीकडे थोडं थोडं, सारखं. मग जगातली कुठलीही कसोटी लावा, अचूक लावा की अंदाजाची, ती म्हणणार की काही नाही. तिने ते बोलून दाखवलं. अध्यक्ष म्हणाले, फरक राहणार नाही म्हणजे तक्रारच राहणार नाही, तेच तर आपल्याला हवंय ना? आणि ते पुढच्या विषयाकडे वळले. पुढचा विषय गाड्या लावायच्या जागेचा होता.

ती तळघरात परतली आणि बराच वेळ दिवा न लावता बसून राहिली. तिला कुणी हरवलंही नव्हतं. तिचं सगळं ऐकून, मान्य करून, तिला तिच्याच चौकटीत घालून वरून झाकण लावलं होतं.

धाकटीची पाळी महिनाभराने पुन्हा गॅसच्या खोलीत लागली. पण ती तिथे गेली नाही. बांधणीच्या खोलीत एक वयस्क बाई होती, सगळ्या तिला मावशी म्हणत. तिने आणि तिच्या जोडीच्या आणखी दोघींनी आपसांत ठरवून टाकलं होतं. तरण्या पोरींच्या पाळ्या त्या घ्यायच्या, त्यांच्या बदल्यात पोरींनी धुण्याची जड तबकं उचलायची. तक्त्यावर नाव एकीचं, खोलीत दुसरी. उपअधीक्षकांना ते कळलं होतं. तक्त्यावर सही करताना ते वर बघत नसत.

घरात धाकट्याने एका सकाळी बायकोला पाणी तापलंय का, असं विचारलं. ते थेट तिला विचारलेलं पहिलं वाक्य होतं. अंथरूण मात्र अजून बाहेरच्या खोलीतच होतं.

एके दिवशी वरच्या मजल्यावर काही कागद द्यायला गेली असताना थोरलीला गॅसच्या खोलीच्या दाराशी मावशी भेटली. तोंडाला फडकं बांधत होती. थोरलीने तिला तिच्या तब्येतीचं विचारलं. खोकला आहे का, डोकं दुखतं का, हाताला मुंग्या येतात का.

"तुमच्या पाहणीत ते विचारलं नव्हतंत," मावशी म्हणाली. रागाने नाही, आठवण करून दिल्यासारखं. "माझं काय, बाई. माझी मुलं मोठी झाली."

तिने दार ओढून घेतलं. थोरली कागद हातात धरून तिथेच उभी राहिली. आतून यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला आणि दारावरचा लाल दिवा लागला. दिवा लागला की तिथे थांबायचं नाही असा नियम होता. ती जिना उतरू लागली.